दुखावलेल्या मनाचा धर्म

मनुष्य ज्या वयात 'मी कोण' असे स्वतःला प्रथम विचारू लागतो, त्या वयात ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास लागणारी सामग्री त्याच्याजवळ जवळजवळ काहीच नसते. नाव आईबापांनी ठेवलेले, जात आणि धर्म जन्माने आलेले, गाव पूर्वजांनी निवडलेले, शिक्षण अर्धेमुर्धे आणि कर्तृत्व अद्याप भविष्याच्या उदरात, अशा स्थितीत हा प्रश्न जेवढ्या तीव्रतेने छळतो तेवढा तो पुढे संसाराच्या गलबल्यात कधीही छळत नाही. आपल्या दर्शनकारांनी ह्याच प्रश्नाला अध्यात्माचे प्रवेशद्वार मानले आणि सूफींनीही ईश्वराच्या ओळखीचा आरंभ स्वतःच्या ओळखीत आहे असे सांगितले. परंतु दोन्ही परंपरांनी एक पथ्य कटाक्षाने पाळले, ते असे की, उत्तराची घाई कोणाला करू दिली नाही. शिष्याने वर्षानुवर्षे सेवा करावी, ऐकावे, मनन करावे, चुकावे, पुन्हा विचारावे आणि गुरूने त्याच्या अस्वस्थतेजवळ शांतपणे बसून राहावे, हा तो मार्ग होता. आज हाच प्रश्न उराशी घेऊन जागणाऱ्या मुलाला एखादा अपरिचित मनुष्य मध्यरात्री, हातातल्या फोनवर, एका ओळीत उत्तर देऊन टाकतो. आणि ते उत्तर इतके तयार, इतके तेजस्वी आणि इतके सोपे असते की, ते आपणच शोधून काढले असा त्या मुलाचा समज होतो.

हा अपरिचित मनुष्य कोणत्याही धर्माचा, पंथाचा किंवा पक्षाचा असू शकतो, आणि त्याच्या तोंडची भाषा त्याप्रमाणे बदलते. त्याची रीत मात्र बदलत नाही. मुलाच्या मनातले दुखणे तो हेरतो, त्या दुखण्याला एक शत्रू नेमून देतो आणि त्या शत्रुत्वालाच त्या मुलाचे खरे स्वरूप म्हणून त्याच्या हवाली करतो. म्हणून त्याच्याशी झगडण्याचे काम पोलीसखात्याचे जेवढे, तेवढेच धर्माचेही आहे, असे मला वाटते. आणि हे म्हणणे मांडताना मी धाराशिव जिल्ह्याचा आधार घेणार आहे, कारण हा जिल्हा ह्या रोगाची पूर्ण किंमत एकदा मोजून चुकला आहे.

ह्या जिल्ह्यातल्या कळंब, भूम, परंडा, उमरगा अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्थानकाच्या आसपास अभ्यासिकांच्या पाट्या दिसतात. आत लाकडी कप्प्यांत डोके घालून बसलेली मुले असतात. घरची जमीन कोरडवाहू, सोयाबीनचा भाव पडलेला, थोरल्या बहिणीच्या लग्नाचे कर्ज अजून फिटायचे, आणि पोलीसभरतीपासून राज्यसेवेपर्यंत ज्या ज्या परीक्षेची जाहिरात निघेल तिचा अर्ज भरलेला. त्यांतला एखादा पुण्याला जातो, तिथे तिघाचौघांत मिळून खोली घेतो, मेसचा डबा खातो, आणि दोनतीन वर्षांनी, वयाची मर्यादा जवळ आली असता, गावी यायचे टाळू लागतो. कारण गावी आले की, 'काय झालं रे तुझ्या परीक्षेचं?' हा प्रश्न पारावरचा प्रत्येक माणूस विचारतो. ह्या मुलाला कोणी मारलेले नसते, लुटलेले नसते; पण आपण कोणालाच नको आहोत ही भावना त्याच्या अंगात मुरलेली असते, आणि ती सांगायला त्याला जागा नसते.

अशा मुलाकडे एके दिवशी एक चित्रफीत येते. तीत कोणी तरी रक्तबंबाळ झालेला असतो, कोणी बाई आक्रोश करीत असते. घटना कोणत्या गावची, कोणत्या वर्षाची, हे मात्र कुठेही लिहिलेले नसते. खाली एवढेच लिहिलेले असते की, हे पाहूनही तू गप्प बसणार काय? मुलगा ती फीत पुढे पाठवतो, कोणी तरी त्याची पाठ थोपटतो, त्याला 'भावा' म्हणतो. काही दिवसांनी त्याला मोठ्या ग्रुपमधून लहान ग्रुपमध्ये घेतले जाते, तिथे त्याच्या रात्रीच्या जागरणाची कोणी आस्थेने चौकशी करते, मग त्याला एखादे लहानसे काम सांगितले जाते, मग एखादे नवे नाव दिले जाते. जुन्या मित्रांची, शिक्षकांची, आईबापांची थट्टा सुरू होते. ते भित्रे आहेत, विकले गेले आहेत, त्यांना खरा धर्म कळत नाही, असे त्याला रोज थोडे थोडे शिकवले जाते. सिद्धान्त, ग्रंथ, वचने ही सर्वांत शेवटी येतात, आणि तोपर्यंत ती तपासून पाहण्याची इच्छा ज्या मनात असावी ते मनच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले असते.

ही विद्या फोनने जन्माला घातलेली नाही, हे ध्यानात यावे म्हणून मला थोडे मागे जावे लागते. लातूर हे १९८२ साली स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातलेच गाव होते, आणि ह्याच लातुरात अलीगढहून शिकून आलेले कासीम रझवी नावाचे गृहस्थ वकिली करीत असत. हैदराबाद संस्थानात १९२७ साली स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ह्या संघटनेची सूत्रे १९४६ साली त्यांच्या हाती गेली, आणि रझाकार नावाच्या स्वयंसेवकांची फौज त्यांनी वाढवली. संस्थानातल्या प्रजेत मुसलमान सुमारे आठांत एक. त्यांतला बहुसंख्य वर्ग विणकर, मजूर, टांगेवाले, कचेरीतले शिपाई असा गरीब होता, आणि निजामाच्या वैभवाचा त्यांच्या चुलीशी काडीचा संबंध नव्हता. ह्या माणसांना मजलिसने जो मंत्र दिला होता तो 'अनल मलिक', म्हणजे 'मीच राजा', हा होय: सार्वभौमत्व निजामाचे नसून प्रत्येक मुसलमानाचे आहे आणि निजाम हे त्याचे केवळ प्रतीक आहे, असे त्याचे तात्पर्य होते. ज्याच्या घरी उद्याच्या ज्वारीची भ्रांत, त्या माणसाला कोणी हक्क दिला नाही, जमीन दिली नाही, शाळा दिली नाही. त्याला एक 'मी' दिला, आणि तो 'मी' टिकवायचा तर शेजाऱ्याने प्रजा होऊनच राहिले पाहिजे, अशी त्यात अट घातली.

ह्या मंत्राला विरोध करणारे त्याच समाजात होते. 'इमरोज' ह्या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान ह्यांनी रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिले, तेव्हा १९४८ च्या ऑगस्टात हैदराबादेत त्यांचा खून करण्यात आला आणि लिहिणारा हात तोडण्यात आला. अतिरेकी मनुष्य परक्यावर चिडतो, पण आपल्याच माणसांतल्या विवेकी आवाजाला तो अधिक भितो, कारण ज्या 'आम्ही'च्या नावाने तो बोलतो तो 'आम्ही' एकसंध नाही, हे त्या आवाजाने उघड होते.

पुढे काय झाले? खेड्यापाड्यांतून लुटालूट, जाळपोळ, खून झाले. सरहद्दीपलीकडे बार्शीच्या बाजूला निर्वासितांची आणि लढणाऱ्या कार्यकर्त्यांची शिबिरे पडली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरकडून संस्थानात शिरली, नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडला, आणि पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शस्त्र खाली ठेवले. मराठवाडा मुक्त झाला, ही गोष्ट आनंदाची आणि अभिमानाची आहे. पण त्यानंतरच्या दिवसांत जे घडले त्याची नोंद केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने केली आहे, आणि तो अहवाल कित्येक दशके दप्तरातच बांधून राहिला. संस्थानात कमीत कमी सत्तावीस हजार आणि कदाचित चाळीस हजार मुसलमान मारले गेले असा त्या समितीचा अंदाज होता, आणि सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही चार नावे घेतली. मेलेल्यांत ज्यांनी रझाकारांचा गणवेश कधी अंगाला लावला नाही अशी माणसे होती, बायका होत्या, मुले होती. आणि ज्यांनी 'तूच राजा' म्हणून सांगितले त्या रझवींचे काय झाले? त्यांना अटक झाली, खटला चालला, तुरुंगवास झाला. १९५७ साली सुटल्यावर ते पाकिस्तानात गेले आणि १९७० साली कराचीत वारले. भरती करणारा निघून गेला. भरती झालेले आणि न झालेले, सारे मागे राहून किंमत देत बसले.

रझवींच्या काळात आणि आमच्या काळात जो मुख्य फरक पडला आहे, तो साधनांच्या वेगापेक्षा अधिक खोल आहे. रझवींचे भाषण चौकात होई. ते ऐकणाऱ्या मुलाचा बाप त्याच गर्दीत कुठे तरी उभा असे, मशिदीतले मौलवी ते ऐकत, शेजारचा हिंदू दुकानदारही ऐके. मुलगा घरी आला की, आई त्याला विचारू शके की, आज तिथे काय सांगितले. विष जाहीर होते, म्हणून उताराही जाहीर देता येत होता, आणि शोएबुल्ला खानांसारखा माणूस दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्याला उत्तर लिहू शकत होता. आज चौक उरला नाही. प्रत्येक मुलाशी स्वतंत्रपणे, त्याच्याच स्वभावाला जुळेल अशा शब्दांत, साक्षीदार नसलेल्या जागी बोलणे होते. एकाच घरात बाप ओसरीवर बसलेला असतो, मुलगा आतल्या खोलीत असतो, आणि मुलाला कोणी काय सांगितले ह्याचा बापाला पत्ता त्या दिवशी लागतो, ज्या दिवशी दारात पोलिसांची गाडी येऊन उभी राहते. ह्यात आणखी भर म्हणजे ज्या कंपन्यांच्या यंत्रणेवरून हा व्यवहार चालतो त्यांचा हिशेब माणूस पडद्यासमोर किती वेळ खिळून राहिला एवढाच असतो. आणि संतापलेला मनुष्य समाधानी मनुष्यापेक्षा अधिक वेळ खिळून राहतो.

२०१४ सालच्या मे-जून महिन्यांतला एक पंधरवडा ह्या दृष्टीने मला फार विचार करण्याजोगा वाटतो. मेच्या अखेरीस कल्याणचे चार सुशिक्षित तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादला म्हणून गेले आणि तिथून 'इस्लामिक स्टेट'च्या मुलखात नाहीसे झाले; त्यांच्या घरच्यांना त्यांच्या मनात काय शिजत होते ह्याची कल्पना नव्हती. त्यांतला एक नोव्हेंबरात परत आला, त्याला अटक होऊन त्याच्यावर खटला भरण्यात आला, आणि तिथे आपल्याला शौचालये साफ करण्याच्या आणि पाणी वाहण्याच्या कामाला लावले होते, असे त्याने तपासात सांगितल्याचे त्या वेळच्या वृत्तपत्रांत आले. त्याच पंधरवड्यात, २ जून रोजी, पुण्याच्या हडपसर भागात सोलापूरचा एक तरुण संगणक अभियंता नमाजाहून परतत असता जमावाकडून मारला गेला. फेसबुकवर थोर पुरुषांची विटंबना करणारी चित्रे कोणी तरी टाकली होती, आणि त्या चित्रांशी ह्या अभियंत्याचा कसलाही संबंध नव्हता. ह्या खटल्यातील आरोपी २०२३ साली निर्दोष सुटले, तेव्हा कोणा एकाच्या माथी दोष मारण्याचा माझा हेतू नाही. पण एका बाजूला चार तरुण दूरच्या देशातल्या दुःखाच्या चित्रफितींनी घराबाहेर ओढले गेले आणि दुसऱ्या बाजूला काही चित्रांनी पेटलेल्या जमावाने एका निरपराध शेजाऱ्याचा प्राण घेतला, ह्या दोन्ही घटनांच्या मुळाशी दुखावलेल्या भावनेला दिलेला शत्रू एकच प्रकारचा होता, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

आमचे शहरही ह्यातून वेगळे राहिले नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात एका फेसबुकवरील मजकुरावरून उस्मानाबादेत दोन जमाव समोरासमोर आले, दगडफेक झाली आणि पोलीस जखमी झाले. मजकूर औरंगजेबाविषयी होता. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात काही मुलांच्या मोबाइलवरील स्टेटसमुळे सारे शहर बंद पडले, तिथेही वाद इतिहासातल्या राज्यकर्त्यांच्या चित्रांवरूनच उसळला. १७०७ साली मेलेला बादशहा आजच्या वीस वर्षांच्या मुलाला, मग तो त्याचा गौरव करणारा असो की त्याच्या नावाने दात खाणारा असो, आपल्या अस्तित्वाचा आधार वाटावा, ही गोष्ट त्या बादशहाविषयी काही सांगत नाही. ती त्या मुलाच्या वर्तमानात किती पोकळी आहे हे सांगते.

मनुष्याला गटात बांधणे किती सोपे आहे, ह्याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. हेन्री ताजफेल ह्या मानसशास्त्रज्ञाचे जवळजवळ सारे कुटुंब युरोपातल्या ज्यूंच्या संहारात नाहीसे झाले होते. त्याने पुढे १९७० च्या सुमारास ब्रिस्टॉल येथे चौदापंधरा वर्षांच्या मुलांना अगदी क्षुल्लक कारणावरून, उदाहरणार्थ दोन चित्रकारांपैकी कोण अधिक आवडतो एवढ्यावरून, दोन गटांत विभागल्याचे सांगितले, आणि मग काही पैसे वाटावयास दिले. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हते, गटाला इतिहास नव्हता, वैर नव्हते. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिलेच, आणि एकूण लाभ घटला तरी चालेल, पण दुसऱ्या गटाशी अंतर राहिले पाहिजे, अशीही वृत्ती दाखविली. जिथे चित्रावरच्या आवडीने हे होते, तिथे रक्ताच्या, देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने काय होईल ह्याची कल्पना करावी.

ह्यावर विवेकाचा उपाय अमर्त्य सेन ह्यांनी सांगितला आहे: मनुष्य एकाच वेळी अनेक ओळखींचा धनी असतो आणि त्यांतली एकच खरी असे ठरवणे हेच हिंसेचे बीज आहे. ह्या विचाराचा पुरावा शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. सुंदरलाल समितीच्या त्याच अहवालात, त्या भीषण दिवसांतही, हिंदू साळ्यांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केल्याची, आणि प्रसंगी त्यासाठी स्वतःचे प्राण दिल्याची नोंद आहे. त्या साळ्यांनी सेन वाचले नव्हते. पण मागावर बसणारा, सुताच्या भावाने गांजलेला, धोटा फेकता फेकता ज्याच्या बोटांना घट्टे पडले आहेत असा माणूस आपल्यासारखाच आहे, हे त्यांना ठाऊक होते, आणि 'तू केवळ हिंदू आहेस' असे सांगत आलेल्या जमावासमोर ती माहिती त्यांनी प्राणपणाने जपली. २०१५ च्या आरंभी 'दाबिक' ह्या 'इस्लामिक स्टेट'च्या मुखपत्राने ह्याच मधल्या करड्या पट्ट्याचा, म्हणजे मिश्र वस्तीच्या आणि मिश्र निष्ठांच्या प्रदेशाचा, नाश करणे हे आपले उद्दिष्ट असल्याचे उघडपणे लिहिले. आणि २०१९ साली न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या मशिदींत एक्कावन्न माणसे मारून ते दृश्य फेसबुकवरून थेट दाखविणारा गोरा वंशवादी जणू ह्याच उद्दिष्टाचा दुसऱ्या बाजूचा मुखत्यार होता. दोघांनाही साळी आणि विणकर शेजारी राहिलेले नको असतात.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो प्रामाणिक आहे म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. धर्म तरी दुसरे काय मागतो? तोही समर्पण मागतो, एकनिष्ठा मागतो, प्रसंगी घरादाराचा त्याग मागतो. मग अतिरेकी जे मागतो ते केवळ प्रमाणाने अधिक आहे, जातीने वेगळे नाही, असे का म्हणू नये? सौम्य धर्म हा पातळ धर्म आणि अतिरेकी धर्म हा खरा, कसदार धर्म, असे भरती करणारा मुलाला सांगतो ते ह्याच आक्षेपाच्या बळावर. त्यावर 'सर्व धर्म शांती शिकवतात' एवढे म्हणून भागत नाही. समर्पणाची कसोटी कोणती, हे धर्माला सांगता आले पाहिजे.

तेरणेच्या काठी असलेल्या तेर गावात ही कसोटी सांगणारा संत होऊन गेला. कुंभारकाम करणारे गोरोबाकाका चिखल तुडवीत असता विठ्ठलनामात इतके रंगून गेले की, रांगत आलेले आपले मूल पायाखाली आल्याचे त्यांना कळले नाही, हे आख्यान महाराष्ट्रातल्या लहानथोरांना ठाऊक आहे. भक्तीच्या तन्मयतेचे उदाहरण म्हणून ते नेहमी सांगितले जाते. पण ते सावकाश ऐकावे. जर परंपरेला एवढेच सांगायचे असते की, देवासाठी मूल तुडवले तरी चालते, तर कथा तिथेच थांबली असती आणि गोरोबांचा जयजयकार झाला असता. कथा थांबत नाही. आईचा आक्रोश तीत आहे, घराची मोडलेली घडी आहे, गोरोबांनी पुढे स्वतःचे हात तोडून घेतल्याचा प्रसंग आहे. आणि पंढरपूरच्या कीर्तनात हात परत येऊन मूल जिवंत होऊन रांगत येते तेव्हाच ह्या आख्यानाला विश्रांती मिळते. पायाखाली आलेले मूल परत मिळेपर्यंत आमच्या परंपरेला त्या तन्मयतेचे समाधान झाले नाही, हा त्याचा अर्थ मी लावतो. भरती करणाऱ्याच्या कथेत मात्र पायाखाली येणारे मूल परत येण्याची गरजच नसते; कारण ते शत्रूचे असते, आणि शत्रूच्या मुलाला त्या कथेत नाव नसते.

ह्याच तेरला संतमंडळी जमली असता गोरोबांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके ठोकून पाहिले आणि तरुण नामदेवाला कच्चे मडके ठरवले, ही कथाही सर्वश्रुत आहे. नामदेव दुखावला. भर सभेत, ज्यांना आपण आपले मानतो त्यांच्यासमोर झालेला हा अपमान होता. आजच्या भाषेत बोलायचे तर त्याच्या ओळखीवरच घाला पडला होता. तो रडत पंढरीस गेला, आणि विठ्ठलाने त्याची समजूत काढण्याऐवजी त्याला गुरू करण्यास सांगितले. तो औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पोहोचला, तर ते शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले! नामदेव दुसऱ्यांदा दुखावला, आणि ह्या वेळी त्याची धार्मिक भावना दुखावली. विसोबांनी त्याला एवढेच सांगितले की, जिथे देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव. आणि तशी जागा त्याला सापडली नाही. दोनदा दुखावलेल्या ह्या तरुणाला आमच्या परंपरेने दोन्ही वेळा एकही शत्रू दिला नाही. त्याचे दुखणे तिने खोटे ठरवले नाही, त्याची टर उडवली नाही. त्या दुखण्याचे तोंड तिने त्याच्याच आत वळवले. त्यातून जो नामदेव घडला तो पंजाबपर्यंत गेला आणि त्याची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली. त्याच वेळी जर कोणी त्याच्या कानाला लागून 'कुंभाराने तुझा अपमान केला, तुझ्या शिंप्याच्या जातीचा अपमान केला' असे म्हटले असते, तर महाराष्ट्राने केवढे गमावले असते!

कसोटी ती हीच: जे समर्पण माणसाला स्वतःची झडती घ्यायला लावते ते धर्माचे, आणि जे त्याला सर्व झडतीतून कायमचा मुक्त करून दुसऱ्याच्या झडतीचा अधिकार देते ते अहंकाराचे. इस्लाममध्येही नफ्साशी, म्हणजे स्वतःच्या वासनांशी आणि अहंतेशी, करावयाच्या झगड्याला सूफींनी श्रेष्ठ स्थान दिले आहे. २०१४ च्या सप्टेंबरात जगभरच्या शंभराहून अधिक मुस्लिम विद्वानांनी 'इस्लामिक स्टेट'च्या म्होरक्याला जाहीर पत्र लिहून त्याचे म्हणणे शास्त्राधाराने खोडून काढले, आणि दुसऱ्या वर्षी मुंबईतून पुढाकार घेऊन भारतातल्या हजारावर उलेमांनी त्याच्याविरुद्ध फतवा काढला. धाराशिवात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसाला हिंदूंची गर्दी होते. ही सारी माणसे पातळ धर्माची नव्हेत. धर्माचा अर्थ त्यांनी अधिक कठीण बाजूने घेतलेला आहे.

मग आपण करावे काय? पहिली गोष्ट, दुखावलेल्या मुलाचे ऐकावे. २०१५ च्या अखेरीस पुण्यातली एक विद्यार्थिनी अशाच परदेशी लोकांच्या संपर्कात आल्याचे दहशतवादविरोधी पथकाच्या ध्यानात आले, तेव्हा तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता, घरच्यांना आणि धर्म जाणणाऱ्यांना बरोबर घेऊन तिची समजूत काढण्याचा मार्ग त्या खात्याने पत्करला. पोलीसखात्याला जे सुचू शकते ते बापाला, मास्तरांना, कीर्तनकाराला आणि मौलवींना का सुचू नये? मुलाचा प्रश्न उत्तरासह परत करण्याची घाई न करता त्याच्याजवळ बसणे, परीक्षेत नापास झालेल्याला गावात सन्मानाने काम देणे, आलेली चित्रफीत कुठली नि केव्हाची ते त्याच्याबरोबर बसून शोधणे, ही कामे लहान दिसतात. पण भरती करणारा नेमकी हीच कामे खोटेपणाने करून मुलगा जिंकतो.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे आणि ती आमच्या जिल्ह्याची खास जबाबदारी आहे. १९४८ सालाचे दोन अर्धे भाग आज दोन वेगवेगळ्या फोनांत फिरतात. एका फोनात रझाकारांनी जाळलेली गावे आहेत, नंतरचा संहार नाही; दुसऱ्यात नंतरचा संहार आहे, आधीची जाळपोळ नाही. दोन्ही भाग खरे आहेत, म्हणून दोन्ही मुले आपल्याला सत्य सापडले असे मानतात. आणि अर्धवट सत्यावर पोसलेला संताप असत्यावर पोसलेल्या संतापापेक्षा अधिक टिकाऊ असतो, कारण तो पुरावा दाखवू शकतो. दर वर्षी १७ सप्टेंबरला आमच्या शाळाशाळांतून ध्वजारोहण होते, हुतात्म्यांना वंदन होते, आणि ते झालेच पाहिजे. पण त्याच पटांगणात, त्याच मुलांसमोर, रझाकारांचे अत्याचार, शोएबुल्ला खानांचे बलिदान, फौजेचे आगमन, त्यानंतरच्या निरपराधांच्या हत्या आणि विणकरांना वाचविणारे साळी, हे सारे एका दमात सांगण्याचे धैर्य आपण केले पाहिजे. हिंदू शिक्षकाने नंतरचा संहार सांगावा आणि मुसलमान शिक्षकाने रझाकारांचे पाप सांगावे, इतकीच त्यात भर घालावीशी वाटते. सरकारी फर्मानाने हे होणार नाही; ते स्वखुशीनेच व्हावे लागेल. आपल्या माणसांचा अपराध आपल्या तोंडाने सांगितला की, आपण लहान होत नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. कारण ज्याच्या अभिमानाला स्वतःचा दोष सोसण्याइतके बळ आले आहे, त्याला उभे राहण्यासाठी शत्रूचा टेकू लागत नाही.